देवदार म्हणून पाईन घेतलंत तर? सुगंधी लाकडाच्या वस्तूंचा धंदा सुरू करण्याआधी हे वाचा



मागच्या व्हिडिओत आपण लाकडी पेट्यांचा छोटा धंदा बघितला. त्यानंतर धारूर, केज, आष्टी, माजलगाव या भागातून एकच प्रश्न वारंवार आला: "सर, देवदारच्या पेट्या करतो म्हणालात, पण आमच्या वखारीत तर देवदार एकदम स्वस्त मिळतंय. मग तुमचा दर एवढा कसा?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर एका वाक्यात देतो: वखारीत ज्याला देवदार म्हणतात ते बहुतेक वेळा देवदार नसतंच. आणि जे खरं देवदार आहे, त्याचा स्वभाव माहीत नसेल तर तेही तुम्हाला तोट्यात घालतं. हे दुसरं मी अनुभवाने शिकलोय. आधी तोच किस्सा सांगतो.

माझ्या सात पेट्या परत आल्या

प्रशिक्षण सुरू करायच्या आधी माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं. लग्नसराईत एका ओळखीच्या कुटुंबाने वीस साडीपेट्यांची ऑर्डर दिली. लाकूड खरं देवदार होतं, वास असा की वर्कशॉपसमोरून जाणारा माणूस थांबून विचारायचा. मी काय केलं? चकाकी यावी म्हणून पेटीच्या आतूनसुद्धा व्हार्निश मारलं. गाठी असलेल्या फळ्या वाया जाऊ नयेत म्हणून तळाला वापरल्या.

महिना होता मे. पंधरा दिवसांत फोन आला. गाठींमधून तेल सुटलं होतं, आतलं व्हार्निश चिकट झालं होतं आणि दोन साड्यांना पिवळट डाग पडले होते. वीसपैकी सात पेट्या परत आल्या, साड्यांचे पैसे भरावे लागले. लाकूडवाल्याची काही चूक नव्हती. लाकूड चांगलं होतं, मलाच ते कळलं नव्हतं.

म्हणून आज मशीन, लोन, मार्केटिंग बाजूला ठेवू. आज फक्त लाकूड.

एक नाव, दोन लाकडं

आपल्याकडे जुनी माणसं सफरचंदाच्या खोक्याला "देवदारी खोकं" म्हणतात. आंब्याची पेटी, यंत्राचं पॅकिंग, सेंट्रिंगची हलकी फळी, सगळंच "देवदार". म्हणजे आपल्या बोलण्यात देवदार म्हणजे पांढरट, हलकं, स्वस्त लाकूड. प्रत्यक्षात हे बहुतेक पाईन किंवा त्याच्या जातभाई झाडांचं लाकूड असतं. आज बाजारात येणारं पाईन मोठ्या प्रमाणावर परदेशातून जहाजाने कांडला-मुंद्रा बंदरांवर उतरतं, गांधीधामच्या आरागिरण्यांत कापलं जातं आणि तिथून देशभर जातं.

खरं देवदार वेगळं. ते हिमालयातलं झाड. उत्तराखंड, हिमाचल, काश्मीर या भागात साधारण १,५०० ते ३,२०० मीटर उंचीवर वाढतं. हिमाचल प्रदेशाचा तो राज्यवृक्ष आहे. बालाघाटाच्या डोंगरात तुम्ही कितीही फिरलात तरी देवदार सापडणार नाही. देव आणि दारू, म्हणजे देवाचं लाकूड, असा त्या संस्कृत नावाचा अर्थ.

गंमत म्हणजे खऱ्या देवदाराची आपल्याला दुसरीकडून ओळख आहे. काष्ठौषधीच्या दुकानात "तेल्या देवदार" मिळतं. बाळंतिणीला देवदार्व्यादि काढा देतात, त्यातलं मुख्य लाकूड हेच. नावातला "तेल्या" शब्द लक्षात ठेवा. या लाकडाचे सगळे गुण आणि सगळे त्रास त्या तेलातच आहेत.

सॉफ्टवूड म्हणजे मऊ लाकूड नव्हे

हा गैरसमज आधी काढून टाका. सॉफ्टवूड म्हणजे सूचीपर्णी झाडाचं लाकूड: देवदार, पाईन, स्प्रूस. हार्डवूड म्हणजे रुंद पानांच्या झाडाचं: साग, बाभूळ, कडुनिंब, आंबा. हा फरक झाडाच्या कुळाचा आहे. विमानांचे नमुने बनवायला जे बाल्सा लाकूड वापरतात ते बोटाने दाबलं तरी खड्डा पडतो, पण शास्त्राप्रमाणे ते हार्डवूड आहे!

आता देवदाराचे गुण धंद्याच्या नजरेने बघू.

वजन. वाळलेलं देवदार एका घनमीटरला साधारण ५५० किलोच्या आसपास भरतं. साग साधारण ६५०. म्हणजे पेटी उचलायला हलकी, पाठवायला कुरिअरखर्च कमी.

टिकाऊपणा. गाभ्याचं लाकूड वाळवी आणि बुरशीला चांगलं तोंड देतं. रासायनिक प्रक्रिया न करता जमिनीवर टिकतं, म्हणून ब्रिटिशांच्या काळात उत्तर भारतात रेल्वेचे स्लीपर देवदाराचे केले. झेलमच्या पाण्यात उभ्या असणाऱ्या काश्मीरच्या हाउसबोटी देवदाराच्या. हिमाचलात दगडाचा एक थर आणि देवदाराच्या तुळईचा एक थर अशी काठकुणी पद्धतीची जुनी घरं आजही उभी आहेत. पण हे सगळं गाभ्याच्या लाकडाबद्दल. सालीजवळचा पांढरट भाग तितका टिकत नाही, त्याला कीड लागते आणि पीठ पडतं.

वास. गोडसर, जड आणि टिकणारा. या तेलातल्या मुख्य घटकांचं नावच हिमालयावरून पडलंय: हिमाचलीन. गाभ्याच्या लाकडातून वाफेने तेल काढतात, ते साबण आणि अत्तराच्या कामात जातं.

मऊपणा. नखाने दाबलं तर खूण उठते. म्हणून रोज घासली, आपटली जाणारी वस्तू यात करू नका.

तेलकटपणा. पॉलिश, व्हार्निश, रंग यांना हे लाकूड त्रास देतं, विशेषतः गाठींच्या जागी. माझ्या सात पेट्या आठवा.

वखारीत ओळखायचं कसं?

खिशात छोटा चाकू आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवा. मग हे पाच काम करा.

१. फळीच्या वरच्या अंगाचा वास घेऊ नका. टोकाकडून थोडं तासून आतल्या ताज्या लाकडाचा वास घ्या. वरून तेल चोळलेलं असेल तर आत वास नसतो.

२. टर्पेंटाईनसारखा, नाकाला झोंबणारा वास आला तर पाईन समजा. गोडसर, धुपासारखा वास आला तर देवदाराची शक्यता जास्त.

३. रंग बघा. देवदाराचा गाभा फिकट पिवळसर तपकिरी. पाईन बहुधा त्याहून पांढरट.

४. तासलेला भुगा कागदात बांधून घरी आणा. आठ दिवसांनी उघडा. देवदाराचा वास तेव्हाही येतो.

५. सगळ्यात महत्त्वाचं: बिलावर लाकडाचं नाव लिहून मागा. "देवदार म्हणा की पाईन म्हणा, एकच आहे हो," असं उत्तर आलं तर हसून नमस्कार करा आणि पुढच्या वखारीत जा.

खरं देवदार दुर्मीळ का, तेही समजून घ्या. हिमालयात हिरवी झाडं तोडण्यावर कडक निर्बंध आहेत. तिथली वनविकास महामंडळं पडलेल्या, वाळलेल्या झाडांचं लाकूड डेपोवर लिलावाने विकतात, मग ते व्यापाऱ्यांमार्फत खाली येतं. त्यामुळे सुरुवातीला मोठा ओंडका शोधूच नका. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या मोठ्या बाजारात कटपीस विचारा. छोट्या पेट्यांना दीड-दोन फुटांचे तुकडे पुरतात. बिल आणि वाहतुकीची कागदपत्रं जपून ठेवा. आणि ओंडके चिरायची आरागिरणी वनखात्याच्या परवान्याशिवाय टाकता येत नाही, म्हणून चिरलेली फळीच घ्या.

बीडची हवा आणि लाकूड

हिमालयातलं लाकूड आपल्या मे महिन्यात आलं की त्याची परीक्षा असते. हवा कोरडी असते तेव्हा लाकूड ओल सोडतं आणि रुंदीत आकसतं. पावसाळ्यात ओल घेतं आणि फुगतं. लांबीत फारसा फरक पडत नाही, सगळा खेळ रुंदीचा.

म्हणून लाकूड आलं की लगेच कापायला बसू नका. सावलीत, हवा खेळती असेल तिथे, फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून थप्पी लावा. तीन-चार आठवडे तिला आपल्या हवेची सवय होऊ द्या. ओलावा मोजायचं छोटं मीटर घ्या. तीन-चार दिवसांच्या अंतराने मोजल्यावर आकडा स्थिर दिसू लागला की काम सुरू करा.

ऑगस्टमध्ये घट्ट बसवलेलं झाकण एप्रिलमध्ये खुळखुळतं, आणि मे महिन्यात घट्ट केलेला खण पावसाळ्यात अडकतो. खणाला दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा. पेटीचा तळ चारी बाजूंनी फेविकॉलने चिकटवून टाकू नका. खाचेत सरकता ठेवा, म्हणजे फळी फुगली तरी चिरणार नाही.

काम करताना

देवदार रंध्याखाली लोण्यासारखं सुटतं, पण हत्यार धारदार हवं. बोथट पटाशीने तंतू चिरडतात. करवतीच्या पात्यावर राळ चिकटते. दिवसातून एकदा मशीन बंद करून, प्लग काढून, रॉकेलच्या फडक्याने पातं पुसा. टोकाजवळ खिळा ठोकण्याआधी बारीक भोक पाडा, नाहीतर फळी उकलते. सागाइतका स्क्रू हे लाकूड धरत नाही, म्हणून बिजागरीला थोडे लांब स्क्रू वापरा.

चिकटवताना ताजं तासलेलं पृष्ठ हवं. आठवडाभर उघडं राहिलं तर तेल वर येतं, मग गोंद नीट धरत नाही. चिकटवायच्या दिवशीच पॉलिश पेपर मारा.

आणि मास्क लावा. हा सुगंधी भुगा नाकाला, छातीला त्रास देऊ शकतो. घरात दम्याचा माणूस असेल तर काम घराबाहेरच्या शेडमध्येच करा. तेलकट फडकी आणि भुगा एकत्र साठवू नका, आगीचा धोका असतो.

फिनिशिंगचा माझा आताचा नियम साधा आहे. आतून काहीही लावायचं नाही. वास हाच तुमचा माल आहे, तो व्हार्निशखाली गाडू नका. बाहेरून लाखेच्या पॉलिशचे पातळ हात, तेही आधी तुकड्यावर लावून, आठवडाभर उन्हात ठेवून बघितल्यावर. गाठ असलेली फळी कपड्याला लागेल अशा जागी कधीच नाही.

काय बनवायचं, काय नाही

बनवा: साडी आणि लोकरी कपड्यांची पेटी, कपाटात टांगायच्या पट्ट्या, हँगर, पोथीची पेटी, पारायणाला लागणारं पोथी ठेवायचं व्यासपीठ. आपला जिल्हा वारकऱ्यांचा. सप्ताह गावोगाव होतात. परळी वैजनाथ आणि अंबाजोगाईला वर्षभर भाविक येतात. पोथीला कसर लागू नये ही घरोघरची काळजी आहे. हे तुमचं गिऱ्हाईक.

पण गिऱ्हाइकाला खरं सांगा. देवदाराच्या वासाने कसर लांब राहायला मदत होते, पण आधीच लागलेली कसर त्याने मरेल याची खात्री नाही. कपडे धुऊन, वाळवून, ऊन दाखवूनच पेटीत ठेवायचे. वास दोन-तीन वर्षांत कमी झाला तर आतून बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, वास पुन्हा उठतो. ही सूचना छापून प्रत्येक पेटीत टाका. दोन रुपयांची चिठ्ठी आहे, पण विश्वास वाढवते.

बनवू नका: पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा, चहापत्तीची बरणी. वास अन्नात उतरतो. देव्हारा करायचा असेल तर दिव्याखाली पितळी पत्रा हवाच, कारण तेलकट लाकूड लवकर पेटतं. दारं-खिडक्यांत सागाशी स्पर्धा करायला जाऊ नका.

भुगा फेकू नका. खऱ्या देवदाराचा स्वच्छ भुगा धूप बनवणारे घेतात. चाळून, सुकवून, वेगळ्या पोत्यात भरा. त्यात पाईनचा किंवा प्लायवूडचा भुगा मिसळला तर ते पोतं धुपाच्या कामाचं राहत नाही.

मग पाईन वाईट का?

अजिबात नाही! पाईनचं पॅलेट-फर्निचर हा वेगळा, चांगला धंदा आहे. वाळूज, चाकणच्या कारखान्यांतून जुने पॅलेट भंगारात निघतात, त्यातून स्टूल, शेल्फ, कुंड्यांचे स्टँड होतात. फक्त पॅलेटवरचा शिक्का वाचायला शिका. परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असतं आणि शेजारी अक्षरं. "एचटी" असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं. ते चालेल. "एमबी" असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते घरातल्या वस्तूंना घेऊ नका. जळणालाही नको. तेलाचे, रसायनाचे डाग असतील तर शिक्का कोणताही असो, सोडून द्या.

आता हिशोब

पेटी १२ इंच लांब, ९ इंच रुंद, ५ इंच उंच. कच्ची फळी पाऊण इंच जाडीची.

वरची-खालची फळी: २ × १२ × ९ = २१६ चौरस इंच. लांब बाजू: २ × १२ × ५ = १२०. आखूड बाजू: २ × ९ × ५ = ९०. एकूण ४२६. गुणिले पाऊण इंच, म्हणजे साधारण ३२० घनइंच. एका घनफुटात १,७२८ घनइंच, म्हणून ०.१८५ घनफूट. पण १०० टक्के लाकूड कधीच वापरलं जात नाही. गाठी, चिरा, रंधा धरून ३० टक्के वाया जाणार. ०.१८५ भागिले ०.७ म्हणजे ०.२६४ घनफूट.

आता दर. खालचे आकडे फक्त हिशोब शिकायला धरलेत, तुमच्या वखारीचा दर तुम्ही टाका. देवदार २,००० रुपये घनफूट धरलं तर लाकूड ५२८ रुपये. मजुरी तीन तास, १२० रुपयांनी, ३६०. बिजागरी, कडी, गोंद, पेपर, पॉलिश ९०. वीज, भाडं, मशीनची झीज ६०. पॅकिंग ५०. एकूण १,०८८ रुपये. (आपली मजुरी "घरचीच आहे" म्हणून सोडायची नाही. ती सोडली की धंदा नाही, छंद होतो.)

हीच पेटी पाईनमध्ये? लाकूड ८०० रुपये घनफूट धरलं तर २११ रुपये. बाकी खर्च तोच. एकूण ७७१.

दोन्हींतला फरक ३१७ रुपये. नीट बघा या आकड्याकडे. पाईनच्या पेटीला देवदार म्हणून विकणारा माणूस एका पेटीमागे एवढेच वाचवतो. आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाने पेटी उघडली, वास आला नाही, की तो त्याच्या गल्लीत, त्याच्या पाहुण्यांत, त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगतो. बीडसारख्या जिल्ह्यात नाव व्हायला पाच वर्षं लागतात, जायला एक लग्न पुरतं.

विकायचे असतील तर पाईनच्या पेट्या पाईन म्हणून विका, कमी दरात. दोन्ही शेजारी ठेवा, गिऱ्हाइकाला वास घेऊ द्या. निवड त्याची.

१,०८८ वर आपला २० टक्के नफा, २१८ रुपये, धरला तर १,३०६. दुकानदाराला छापील किमतीच्या २० टक्के द्यायचे असतील तर १,३०६ भागिले ०.८ म्हणजे साधारण १,६३०. जीएसटी तुमच्या सीएंना विचारून वेगळा धरा.

सरकारी मदत थोडक्यात

सुतारकाम हा पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांपैकी एक आहे. योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. अर्ज करण्याआधी सध्याचे नियम आपल्या सीएससी केंद्रात तपासा. पण कर्ज घेऊन आधी मशीन आणि नंतर लाकूड शिकणं, ही उलटी गंगा वाहू देऊ नका.

या आठवड्याचं तुमचं काम

एक: जवळच्या तीन वखारींत जा, "देवदार" मागा आणि मिळेल त्याचा तळहाताएवढा तुकडा विकत घ्या. दोन: काष्ठौषधीच्या दुकानातून दहा-वीस रुपयांचं तेल्या देवदार आणा. तीन: चारही तुकडे तासून शेजारी ठेवा आणि वास घ्या. चार: प्रत्येक तुकड्याच्या अर्ध्या भागावर पॉलिश लावून आठ दिवस उन्हात ठेवा.

पन्नास-शंभर रुपयांत हे सगळं होईल. माझी शिकवणी सात पेट्या आणि दोन साड्यांना पडली होती. तुमची एवढ्यात होत असेल तर स्वस्तच म्हणायची.

पुढच्या व्हिडिओत याच पेटीचा सरकता तळ करून दाखवतो. तोपर्यंत वखारीत जाऊन या!